कोरडे मोजे

बाबांनी जे गाव आयुष्यात कधी धड पाहिलं नव्हतं, त्या गावाची वकिली त्यांनी आमच्या जेवणाच्या टेबलापाशी उभं राहून अशी केली, की आम्ही सगळ्यांनी हात वर केले आणि हिवाळ्याची सुट्टी तिथेच ठरली. माणूस आपल्याच पायावर धोंडा कसा मारून घेतो, ते मी त्या रविवारी दुपारी समोर बसून पाहिलं. फक्त तेव्हा मला ते कळलं नाही. मी टाळ्या वाजवत होते.

आधी आमच्या घरची पद्धत सांगायला हवी, नाहीतर पुढचं सगळं वेडेपणाचं वाटेल. वेडेपणा आहेच, पण त्याला नियम आहेत. बाबा लांब पल्ल्याच्या बसचे ड्रायव्हर होते. आता निवृत्त आहेत, पण त्यांची टोपी अजून खुंटीवर असते. थंडी पडायला लागली की एका रविवारी जेवणं उरकल्यावर ती टोपी टेबलावर उलटी ठेवायची आणि प्रत्येकाने आपल्याला सुट्टीत जिथे जायचंय त्या ठिकाणाची खूण म्हणून एक वस्तू तिच्यात टाकायची. ठिकाण देशातलंच हवं. "आधी आपला देश बघून संपवा, मग दुसऱ्यांच्या दारात जा," हे बाबांचं म्हणणं, आणि देश काही संपत नाही. मग डोळे मिटून टोपीतून एकेक वस्तू उचलायची आणि जी हाताला लागेल तिची वकिली करायची. स्वतःची लागली तर परत टाकायची. शेवटी हात वर करून मतं द्यायची. म्हणजे आमच्याकडे स्वतःच्या आवडीसाठी भांडताच येत नाही, भांडायचं ते दुसऱ्याच्या आवडीसाठी. ही युक्ती आईची. लहानपणी दादा आणि मी समुद्र की डोंगर यावरून एकमेकांचे केस उपटायचो. पण दुसऱ्याच्या समुद्रासाठी भांडताना केस उपटावेसे वाटत नाहीत, हे तिने बरोबर ओळखलं.

गुन्हा एकच. वकिली मनापासून केली नाही, तर प्रवासभर सगळ्यांचं सामान उचलायचं. दादाने एकदा वाळवंटाची वकिली जांभया देत केली होती. तेव्हापासून त्याची पाठ जी धरली आहे ती अजून सुटलेली नाही.

त्या रविवारी दादाने टोपीत साबणाची वडी टाकली, म्हणजे गरम पाण्याच्या झऱ्यांचं गाव. तो दातांचा डॉक्टर आहे. दिवसभर लोकांच्या तोंडात वाकून झालं की त्याला कुठेतरी गरम पाण्यात बुडून पडावंसं वाटतं. वहिनीने वाळकं पान टाकलं, म्हणजे जंगल. वहिनी शाळेत भूगोल शिकवते, देशातले सगळे रस्ते तिला तोंडपाठ आहेत आणि त्यांतल्या प्रत्येक वळणावर तिला मळमळतं. मी दोऱ्याचं रीळ टाकलं. मी पडदे शिवते आणि मला विणकरांचं एक गाव पाहायचं आहे. ते दरवर्षी हरतं आणि मी दरवर्षी फुगून बसते. बाबांनी नेहमीसारखा शिंपला टाकला. आईने नेहमीसारखा कपडे वाळत घालायचा लाकडी चिमटा टाकला. आईचं ठरावीक ठिकाण नसतं. "जिथे मला कुणाचे कपडे वाळत घालावे लागणार नाहीत, तिथे कुठेही न्या," एवढंच तिचं मागणं. तसं गाव अजून सापडलेलं नाही, कारण ती जाईल तिथे चिमटे बरोबर घेऊन जाते.

राहिली भिंगरी. भिंगरी म्हणजे दादाची मुलगी. खरं नाव वेगळं आहे, पण ही पोर एका जागी उभी राहील तर शपथ. दुधाचे पुढचे दात पडल्याशिवाय टोपीत वस्तू टाकायचा हक्क नाही, असा नियम आहे. तिचे दोन्ही नुकतेच पडले होते. दुसरा तिने स्वतःच हलवून हलवून पाडला असा मला संशय आहे, पण घरात दातांचा डॉक्टर असून त्याने काही हरकत घेतली नाही. तिने आपला डाव्या हाताचा लोकरी हातमोजा टोपीत टाकला आणि जाहीर केलं, "आजोबांचं वरचं गाव."

दादाने बाबांकडे पाहिलं, बाबांनी टोपीकडे.

वरचं गाव म्हणजे बाबांच्या बसचा शेवटचा थांबा. डोंगरात, घाटाच्या माथ्यावर, हिवाळाभर बर्फात. बाबा नोकरीभर तीच गाडी चालवत होते. ते त्याला नुसतं 'वर' म्हणायचे. "आज वर जातोय" असं ते म्हणाले की आई वैतागायची, "अहो, नीट गाव म्हणा, ऐकायला बरं नाही वाटत." आम्ही मोठे झालो ते त्या गावाच्या गोष्टी ऐकत. तिथलं तळं गोठतं आणि त्यावर खडा फेकला की बर्फ पाखरासारखा बोलतो. तिथे लाल पूल आहे. तिथे एक घड्याळवाला आहे, त्याच्या दुकानातली प्रत्येक भिंत वेगळी वेळ सांगते. दूधवाल्या म्हातारीकडे मांजरी आहेत आणि त्या गिऱ्हाइकांच्या आधी रांगेत बसतात. आणि तळ्याकाठी एक बाकडं आहे, त्यावर बाबा प्रत्येक खेपेला थोडा वेळ बसतात आणि शेजारी आईसाठी जागा ठेवतात. हे शेवटचं ऐकताना आई नेहमी उठून दुसऱ्या खोलीत जायची. आम्हाला वाटायचं, लाजते.

एवढं असून आम्ही कधी तिथे गेलो नाही. कुणी विषय काढला की आईच म्हणायची, "ते त्यांचं ऑफिस आहे. सुट्टीत कोणी ऑफिसात जातं का?" ते पटण्यासारखंच होतं. म्हणून कुणी टोपीत वरचं गाव टाकलं नाही. पण हे भिंगरीला कोण सांगणार? तिला आजोबांच्या सगळ्या गोष्टी पाठ, एखादा शब्द इकडचा तिकडे झाला तरी पकडते.

टोपी फिरली. बाबांनी डोळे मिटून हात घातला आणि हातमोजा बाहेर काढला.

मी त्यांच्याकडे बघत होते म्हणून सांगते, त्यांचा चेहरा पडला. त्यांनी हातमोजा उलटा केला, सुलटा केला. मग उठून खुर्चीमागे उभे राहिले, कारण वकिली उभं राहून करायची असते. "वरचं गाव," ते म्हणाले. "थंड आहे. बर्फ असतो. घाट लांब आहे." आणि थांबले. दादा म्हणाला, "बाबा, सामान उचलायचं आहे का?" बाबांनी पुन्हा सुरुवात केली. भिंगरी समोर दोन्ही हातांत हनुवटी धरून बसली होती. "घड्याळवाला राहिला," ती म्हणाली. मग घड्याळवाला आला. "पूल राहिला." मग पूल आला. हळूहळू बाबांना रंग चढला. तळं आलं, बोलणारा बर्फ आला, मांजरी आल्या, आणि सकाळी पहिलं ऊन पुलावर पडतं तेव्हा सगळं गाव एकदम शांत होतं, हे तर आम्हीही कधी ऐकलं नव्हतं. ते हातमोजा हातात घेऊन बोलत होते आणि त्यांचे डोळे असे काही दिसत होते की मी माझं रीळ विसरले. दादाने साबणाची आशा सोडली. वहिनी, जिला तो घाट नकाशात पाहूनही घेरी येते, तिने हात वर केला. आई मात्र बाबांकडे बराच वेळ बघत राहिली, आणि सगळ्यांत शेवटी तिचाही हात वर गेला.

जेवणानंतरची भांडी बाबा घासतात आणि मी पुसते, हे ठरलेलं आहे. नळ सोडून ते नुसतेच उभे राहिले. मग हळूच म्हणाले, "ते तळं कुठल्या बाजूला असेल गं?"

"मला काय विचारता? तुमचं गाव."

"मला माहीत नाही."

मला वाटलं थट्टा करतायत. ते भांड्याकडे बघत बोलत राहिले. गाडी अंधारात वर पोचायची. डेपोच्या मागे ड्रायव्हर लोकांची खोली, तिथे पाठ टेकायची, आणि उजाडायच्या आत परतीची गाडी. गावाची त्यांना दिसलेली वस्तू एकच, डेपोची भिंत. अधूनमधून वर एक दिवस मुक्कामाची सुट्टी मिळायची, पण ती घेतली की घरची एक सुट्टी जायची. म्हणून दरवेळी ते ती दुसऱ्या ड्रायव्हरला देऊन टाकायचे आणि खाली यायचे.

"आणि गोष्टी?"

"परतीच्या गाडीत माझ्या मागच्या सीटवर कोणी ना कोणी बसायचं. मी विचारायचो, काय काय पाहिलंत? लोकांना सांगायला आवडतं. घरी आलो की तू आणि दादा दारातच विचारायचात, वर कसं आहे? तुम्हाला काय डेपोची भिंत सांगू?"

माझा राग नाकावरच असतो, सगळं घर हे म्हणतं आणि ते खरं आहे. मी फडकं आपटलं. आमच्या स्वयंपाकघराच्या खिडकीला जो पडदा आहे, तो मी शिवलेला पहिला पडदा. त्यावर लाल कापडाचा पूल आहे. वर्गातल्या पोरींना मी त्या म्हातारीच्या मांजरी सांगून सांगून जीव नकोसा केला होता. "मग आज कशाला एवढे रंगलात?" मी म्हटलं. "थातुरमातुर बोलायचं, सामान मी उचललं असतं."

"ती समोर बसली होती," ते म्हणाले.

माझा राग कुठे गेला ते कळलं नाही, आपटलेलं फडकं मी परत उचललं. बाबांना स्वतःची फारशी काळजी नव्हती. त्यांना भीती होती ती भिंगरीची. जगात तिचा एकाच माणसावर डोळे झाकून विश्वास आहे, आणि तो माणूस तिच्यासमोर तोंडघशी पडणार होता. मी म्हटलं, मी आजारी पडते, जाणं रद्द होईल. ते म्हणाले, "टोपीत ठरलं ते ठरलं. आणि आईला यातलं काही सांगू नकोस. त्या बाकड्याचं तिला वाईट वाटेल."

मी तोंडाला कुलूप लावलं. मला ते किती जड गेलं, ते मला ओळखणाऱ्यांनाच कळेल.

निघालो ते दिवसाच्या गाडीने. बाबा ड्रायव्हरच्या मागच्या सीटवर, मांडीवर भिंगरी. घाट सुरू झाला आणि बाबा निराळेच झाले. "आता डावीकडे धक्का बसेल." बसला. "आता कानात दडे बसतील." बसले. "आता सूनबाईला पिशवी द्या." दिली, अगदी वेळेवर. तरुण ड्रायव्हर आरशात बघून हसला. "काका, तुम्हीच घ्या स्टिअरिंग," तो म्हणाला. भिंगरी सगळ्या गाडीकडे अशी बघत होती, जणू घाट तिच्या आजोबांनीच बांधलाय. मला मात्र प्रत्येक वळणाला वाटत होतं, गाडी बंद पडावी. आमच्या देशात गाड्या एरवी एवढ्याशा कारणाने बंद पडतात.

दुपारी डेपोत उतरलो. बाबांनी त्या भिंतीकडे पाहिलं. राखाडी, लांबलचक, खाली ग्रीसचे डाग. जुन्या ओळखीच्या माणसाला करावी तशी त्यांनी तिच्याकडे बघून मान हलवली. मग आम्ही फाटकापाशी आलो आणि ते थांबले. पुढे बर्फाने पांढरा झालेला चौक आणि तीन रस्ते.

"चला," भिंगरी त्यांचा हात ओढत म्हणाली. "आधी तळं."

बाबा डावीकडे वळले. आम्ही बॅगा ओढत मागे. रस्ता लाकडाच्या वखारीत गेला आणि संपला. एक कुत्रा आमच्यावर भुंकून घेऊन गप्प झाला. बाबा म्हणाले, "इकडून नव्हे," आणि दुसरा रस्ता धरला. तो एका शाळेच्या मागून, कोणाच्या तरी कोळशाच्या कोठारावरून फिरून फिरून पुन्हा डेपोच्या भिंतीशी आला. भिंगरीने भिंतीकडे पाहिलं, मग बाबांकडे.

"नवीन रस्ते झालेत," मी म्हटलं. "सगळं बदललंय."

वहिनी चौकातला दगडी हौद निरखत होती. "हे काही नवीन दिसत नाही," ती म्हणाली. भूगोलाची माणसं कुठे बोलावं आणि कुठे नाही, हे शिकत नाहीत.

दादाने बॅग खाली ठेवली. तो बाबांच्या जवळ गेला आणि ज्या आवाजात तो दाढ काढण्याआधी पेशंटशी बोलतो त्या आवाजात म्हणाला, "बाबा, आठवत नाहीये का? हल्ली असं बऱ्याचदा होतं का? घाबरू नका, आपण परत गेल्यावर कोणाला तरी दाखवू." त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. भिंगरीला सगळं कळलं नसावं, पण बापाचा आवाज तिला कळला. ती एका जागी उभी राहिली. ही पोर अशी उभी राहिलेली मी पहिल्यांदाच पाहत होते.

बाबांना इथे सुटका होती. हो, विसरलो, म्हातारा झालो, एवढं म्हटलं असतं तर गोष्टी शाबूत राहिल्या असत्या. त्यांनी दादाकडे पाहिलं, भिंगरीकडे पाहिलं आणि तिच्यासमोर बर्फात गुडघ्यावर बसले.

"मी विसरलो नाही," ते म्हणाले. "मला कधी माहीतच नव्हतं. मी या फाटकाच्या बाहेर कधी पडलो नाही. गाडी आणायचो, झोपायचो, गाडी न्यायचो."

"मग तळं?"

"लोकांनी सांगितलं. मी पाहिलं नाही."

"म्हणजे तुम्ही खोटं सांगितलंत."

"हो," बाबा म्हणाले.

तिने त्यांच्या हातातून आपला हात काढून घेतला आणि हातमोजा घातला. तेवढंच केलं तिने. पण बाबांचं तोंड असं झालं की मला बघवेना. मी भिंगरीवर ओरडणार होते, मग दादावर ओरडणार होते, आणि कोणावर ओरडावं ते न कळल्यामुळे रडायला लागले.

तेवढ्यात आई बॅगेवर बसली. नीट टेकून, पाय लांब करून. "चला, झालं एकदाचं," ती म्हणाली. "मला तर पहिल्या हिवाळ्यापासून माहीत आहे."

बाबा गुडघ्यावरच वळले. "काय माहीत आहे?"

"तुम्ही कुठे जात नाही ते. घरी आल्यावर मोजे कोण धुवायचं? तळ्याकाठी बर्फात बसून आलेल्या माणसाचे मोजे असे असतात? कोरडे ठणठणीत. घामाचे आणि डिझेलचे. बर्फाचा एक थेंब कधी सापडला नाही मला."

"मग बोललीस का नाहीस?"

"काय बोलायचं? वर राहायचं सोडून घरी धावत येणाऱ्या माणसाला चोरासारखं पकडायचं? त्यात मुलं कान देऊन बसलेली. आणि ते बाकडं." तिने बॅगेच्या पट्ट्यावरचा बर्फ झटकला. "ते बाकडं ऐकताना मला हसू आवरायचं नाही. म्हणून उठून जायची मी. नंतर नंतर हसू यायचं नाही, तरी उठायची."

तेव्हा मला कळलं, 'ते त्यांचं ऑफिस आहे' म्हणत आई इतकी वर्षं कुणाला झाकत होती. मी नाक पुसत विचारलं, "मग या वेळी कशाला हात वर केलास?"

"वकिली करताना त्यांचे डोळे पाहिलेस ना?" आई म्हणाली. "त्यांनाच यायचं होतं इथे. किती दिवस सांभाळायचं? बघू दे की त्यांनाही."

भिंगरी हे सगळं ऐकत होती. तिचा राग माझ्यासारखाच आहे, चटकन जात नाही. तिने बाबांसमोर जाऊन हाताची घडी घातली. "घड्याळवाला कोणी सांगितला?"

"एक घड्याळ दुरुस्त करून घेऊन जाणारे गृहस्थ होते त्यांनी."

"लाल पूल?"

"एका बाईने."

"बोलणारा बर्फ?"

"एका मुलीने. तुझ्याएवढीच होती. घाटभर तोच आवाज काढून दाखवत होती. तिचे बाबा कंटाळले, मी नाही कंटाळलो."

"मांजरी?"

बाबांनी मान खाली घातली. "त्या माझ्या."

"रांगेत बसतात ते पण?"

"ते पण."

तिने विचार केला. "मग कोणी खरं सांगितलं आणि कोणी थापा मारल्या, ते बघावं लागेल," ती म्हणाली. "उठा. तुमचे गुडघे ओले होतायत."

त्यापुढे आम्ही भिंगरीच्या मागून चाललो. बाबांचा हात तिने धरला नाही, पण दर थोड्या अंतरावर मागे वळून ते येतायत ना, हे बघत होती. ती प्रत्येक दुकानात शिरून विचारायची. घड्याळवाला निघाला, त्याच्या दुकानात मात्र भिंत एकच होती. घड्याळं खरोखर वेगवेगळी वेळ दाखवत होती. दुरुस्तीला आलेली घड्याळं दुसरं काय दाखवणार? पूल निघाला, पण करडा. "त्या बाईने लाल कोट घातला होता," बाबा आठवून म्हणाले, "माझी सरमिसळ झाली असेल." मी माझ्या पडद्याचा विचार केला आणि ठरवलं की तो लालच राहील. दूधवालीकडे एकही मांजर नव्हतं. भिंगरीने ते दोनदा विचारून खात्री करून घेतली आणि बाबांकडे असं पाहिलं की ते दुकानाच्या पाटीमागे गेले.

तळं पुलाच्या पलीकडे होतं. ते इतकं मोठं असेल हे कोणी सांगितलं नव्हतं. दुपारचं ऊन त्यावर पडलं होतं आणि दुसऱ्या टोकाला काही मुलं घसरत होती. बाबा काठाशी गेले. काठाचा बर्फ अर्धा वितळलेला होता, पाय घोट्यापर्यंत आत गेले, पण त्यांना पत्ता नव्हता. भिंगरीने खडा शोधला. आधी स्वतः फेकणार होती, मग तिने तो बाबांच्या हातात दिला.

बाबांनी खडा सपाट फेकला. तो बर्फावरून उड्या मारत गेला आणि तळ्यातून आवाज आला, बारीक, उंच, एकापाठोपाठ एक, लांब जाणाऱ्या पाखरासारखा. बाबांच्या गालावरून पाणी वाहत होतं आणि ते पुसायचं भान त्यांना नव्हतं.

"त्या मुलीने खरं सांगितलं होतं," भिंगरी म्हणाली, आणि तिने हातमोजा काढून त्यांचा हात धरला.

"आणि बाकडं?" मागून आईने विचारलं.

बाबांनी इकडे तिकडे पाहिलं. काठावर गुडघाभर उंचीचा दगडी कठडा होता, दुसरं काही नाही. "तेही माझंच," ते म्हणाले.

आईने कठड्यावरचा बर्फ हाताने झाडला. बऱ्यापैकी लांबवर झाडला. मग एका कडेला बसली आणि उरलेल्या जागेवर हात ठेवून त्यांच्याकडे बघत राहिली. बाबा येऊन बसले. दादा, वहिनी आणि मी शहाण्यासारखे भिंगरीला घेऊन पुलाकडे गेलो. वहिनीने एकदाही मागे वळून पाहिलं नाही, मी दोनदा पाहिलं.

लॉजवर पोचल्यावर बाबांनी बूट काढले तेव्हा खोलीत पाणी सांडलं. मोजे भिजून लगदा झाले होते. मी ते घ्यायला वाकले, कारण आईने सुट्टीत कपडे वाळत घालू नयेत म्हणून आम्ही दरवर्षी एवढं भांडतो. तिने माझा हात बाजूला केला. मोजे उचलले, पिळले, त्यातून तळ्याचं पाणी निथळलं. ते तिने नाकाजवळ नेऊन हुंगलेसुद्धा. मग पर्समधून चिमटा काढला, टोपीतला तोच, आणि हीटरच्या वर बांधलेल्या दोरीवर दोन्ही मोजे एकाच चिमट्यात लावले.

"आलात एकदाचे वर जाऊन," ती म्हणाली, आणि ते नीट वाळावेत म्हणून त्यांची टोकं खाली ओढून सरळ केली.